चारशे प्रश्न सोडवले, तरी दुसऱ्या फेरीत बाहेर: सोलापूरच्या एका विद्यार्थ्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातून यंदाच कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेतलेला एक मुलगा लिहितो: "ताई, दीड वर्षात चारशेच्या वर कोडिंगचे प्रश्न सोडवले. दोन मोठ्या कंपन्यांची ऑनलाइन टेस्ट पास झालो, पण दोन्हीकडे पुढच्या फेरीत, माणूस समोर आल्यावर, बाहेर पडलो. एकदा तर उत्तर बरोबर आलं होतं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, इंग्रजी कच्चं. आमच्या कॉलेजात या कंपन्या येत नाहीत. वडील म्हणतात, आयटी सर्व्हिस कंपनीचं ऑफर लेटर हातात आहे, ते घे. काय करू?"

तुझ्या पत्रातल्या एका वाक्यावर मी थांबले: "एकदा तर उत्तर बरोबर आलं होतं." आतापर्यंत मी तीनशेहून जास्त मुलाखती घेतल्या, बहुतेक हैदराबादेत बसून. उत्तर बरोबर आणि तरी नकार, असे निर्णय त्यात पुष्कळ आहेत. प्रत्येक वेळी समोरच्या मुलाला वाटतं की आपल्यावर अन्याय झाला, किंवा इंग्रजीनं घात केला. खरं कारण बहुधा तिसरंच असतं. ते कळायचं तर कॉल संपल्यावर आमच्या बाजूला काय होतं, ते आधी बघावं लागेल.

ऑनलाइन टेस्ट यंत्र तपासतं. टेस्ट केस, म्हणजे आधीच ठरवलेली उदाहरणं, पास झाल्या की काम झालं, तू ते कसं केलंस याच्याशी यंत्राला देणंघेणं नसतं. पुढच्या फेरीत माणूस असतो, पण तोही एकटा निर्णय घेत नाही. कॉल संपला की मी शक्यतो त्याच दिवशी बसून लिहिते. फॉर्म प्रत्येक कंपनीचा वेगळा, गाभा सारखाच: कोणता प्रश्न विचारला, उमेदवारानं आधी काय विचारून घेतलं, पहिला विचार काय सांगितला, कुठं अडला, इशारा द्यावा लागला का, इशारा मिळाल्यावर काय केलं. लिहिलेला कोड जसाच्या तसा चिकटवते आणि शेवटी मत देते: घ्यावं, घेऊ नये, किंवा यातलं काहीतरी ठामपणे.

हे कागद पुढे कुठं जातात ते बघ. गूगलमध्ये ते अशा समितीपुढे जातात, जिच्यातल्या कुणीही तुझी मुलाखत घेतलेली नसते. ॲमेझॉनमध्ये १९९९ पासून ‘बार रेझर’ नावाची पद्धत आहे. ज्या टीमला माणूस हवाय तिच्या बाहेरचा, खास तयार केलेला मुलाखतकार प्रत्येक भरतीत बसतो, आणि त्याचं मत डावलून कुणाला घेता येत नाही. तिथं सगळे मुलाखतकार आधी आपापलं मत लेखी देतात आणि मगच एकत्र बसतात, म्हणजे एकाच्या मताची छाया दुसऱ्यावर पडत नाही. थोडक्यात, तुझ्याबद्दलचा निर्णय बऱ्याच अंशी तुझा आवाजही न ऐकलेली माणसं घेतात, माझ्या दीड पानावरून. तू मनातल्या मनात जे केलंस, ते त्या दीड पानात येणार कुठून?

एक उदाहरण सविस्तर देते, कारण इथंच बहुतेक मुलं घसरतात. प्रश्न जुना आहे, तू नक्की सोडवला असशील. पूर्णांकांचा ॲरे, म्हणजे ओळीनं मांडलेली यादी, दिला आहे आणि एक संख्या ‘के’. सलग घटकांचे असे किती तुकडे आहेत, ज्यांची बेरीज बरोबर ‘के’ होते? समज, ॲरे ३, ४, −७, १, ६ असा आहे आणि ‘के’ आहे ७.

पहिला मुलगा प्रश्न वाचतो आणि म्हणतो, "ओके." मग शांतता. सहा मिनिटं फक्त टायपिंगचा आवाज. तो दोन टोकांची सरकती खिडकी लिहितो: बेरीज सातपेक्षा जास्त झाली की डावीकडून घटक काढायचा. कोड नेटका असतो. मी वरचा ॲरे चालवून बघायला सांगते. त्याचं उत्तर येतं २, खरं उत्तर आहे ३. ३, ४ हा तुकडा सापडतो, अख्खा ॲरे सापडतो, पण शेवटचा १, ६ हा तुकडा सुटतो, कारण बेरीज सातच्या वर कधी गेलीच नाही आणि खिडकी डावीकडून कधी आवळलीच नाही. तो गोंधळतो, पुन्हा गप्प होतो, आणि पाच मिनिटांनी अचानक सगळं पुसून प्रीफिक्स सम (सुरुवातीपासूनच्या बेरजा) आणि हॅशमॅप (कोणती बेरीज किती वेळा दिसली याची नोंद) यांचं पाठ केलेलं उत्तर लिहितो. आता उत्तर ३ येतं. बरोबर आहे. मी काय लिहू? "पहिला मार्ग चुकला. का चुकला ते सांगितलं नाही. दुसरा मार्ग बरोबर, तो का निवडला ते सांगितलं नाही. विचारल्यावर ‘असं करतात’ असं उत्तर."

दुसरी मुलगी त्याच प्रश्नावर आधी विचारते: "घटक ऋण असू शकतात का?" मी होय म्हणते. ती म्हणते, "मग सरकती खिडकी चालणार नाही, कारण पुढचा घटक घेतल्यावर बेरीज कमी पण होऊ शकते." हे एक वाक्य. ते ऐकताच मी लिहायला घेते. पुढे ती म्हणते, "सरळ मार्ग म्हणजे सगळ्या जोड्या तपासणं. घटक किती असतील?" मी सांगते, एक लाखापर्यंत. "म्हणजे जवळजवळ पाचशे कोटी जोड्या. सेकंदाला साधारण दहा कोटी साध्या क्रिया धरल्या, तरी मिनिटभर लागेल. नको." मग ती सुरुवातीपासूनच्या बेरजा मांडते: ०, ३, ७, ०, १, ७. आणि म्हणते, "प्रत्येक ठिकाणी मला एवढंच बघायचंय की आत्ताच्या बेरजेतून सात वजा केल्यावर जी संख्या येते, ती आधी किती वेळा दिसली." शेवटच्या ७ ला शून्य हवं, शून्य दोनदा दिसलंय, एकदा अगदी सुरुवातीचं आणि एकदा −७ नंतरचं. तिथं दोन तुकडे मिळतात, आधीचा एक, एकूण तीन. कोडमध्ये ती सुरुवातीचं शून्य मॅपमध्ये टाकायला विसरते. मी फक्त विचारते, "पहिल्याच घटकापासून सुरू होणारा तुकडा कुठं मोजला?" ती दोन सेकंद बघते आणि म्हणते, "ते शून्य राहिलं."

तिच्या कोडमध्येही चूक होती. तरी तिचं पान ‘घ्यावं’ असं सांगतं, आणि त्याचं पान सांगत नाही. तिचं पान वाचताना समितीला एक इंजिनिअर काम करताना दिसतो. त्याच्या पानात फक्त शेवटचा कोड दिसतो, आणि तो कोड तर लाखभर मुलांना पाठ आहे.

हे मी तुला वरून बघून सांगत नाहीये. २०११ साली माझी पहिली मोठी मुलाखत पुण्यात झाली. पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेसनं गेले होते. प्रश्न बायनरी ट्रीचा होता, मला येत होता. मी जवळजवळ वीस मिनिटं एक शब्द बोलले नाही, कारण उत्तर पक्कं झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही हे अंगवळणी पडलेलं. आपल्या वर्गात हात वर करून चुकलं की सगळे हसतात, ते मी चौथीपासून बघत आले होते. मुलाखत घेणाऱ्यानं दोनदा विचारलं, "काय विचार करताय?" दोन्ही वेळा मी म्हणाले, "वन मिनिट, सर." नकाराचा मेल तिसऱ्या दिवशी आला. आज त्या माणसाच्या जागी बसल्यावर कळतं, त्याच्या पानावर लिहायला मी त्याला काही दिलंच नव्हतं.

मोठ्यानं विचार करायचा म्हणजे नेमकं काय, हे मला कुठल्या कोर्सनं शिकवलं नाही. माझे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. त्या नकारानंतर एकदा मी डबा घेऊन कारखान्यात गेले. एका मागावर धागा सारखा तुटत होता, विणकर वैतागलेला. वडिलांनी पाना हातात घेतला नाही. आधी विचारलं, "कवापासून तुटायलंय? एकाच बाजूला तुटायलंय का सगळीकडं? बीम कधी बदललं?" मग सोबतच्या शिकाऊ पोराला म्हणाले, "एकाच बाजूला तुटायलंय, म्हंजे सूत वाईट नाही. सूत वाईट असतं तर कुठंबी तुटलं असतं. आधी त्या बाजूला कुठं घासायलंय का बघू." आणि मग पाना उचलला. मी तिथं उभी राहून ऐकत होते. प्रश्न विचारून शक्यता कमी करणं, एक शक्यता कारणासकट बाद करणं, पुढचं पाऊल आधी सांगून मग उचलणं. मुलाखतीत आम्हाला हेच ऐकायचं असतं. तू सोलापुरात वाढला असशील तर असं काम करणारं माणूस तुझ्या घरात किंवा गल्लीत नक्की असेल. त्याच्या शेजारी तासभर उभा राहून ऐक.

आता इंग्रजी. हे मी जबाबदारीनं सांगते, कारण या एका भीतीपायी आपल्याकडची चांगली मुलं अर्जच करत नाहीत. भारतातल्या कार्यालयांसाठी मुलाखत घेणारे बहुतेक आपल्यासारखेच असतात. कुणी गुंटूरचा, कुणी धारवाडचा, कुणी लातूरचा. व्याकरणाचे गुण कुठल्याच फॉर्मवर नसतात. ‘कम्युनिकेशन’ असा रकाना असतो, त्याचा अर्थ एवढाच की याचा विचार मला धरून ठेवता आला का. "इफ निगेटिव्ह, विंडो नॉट वर्क, बिकॉज सम कॅन गो डाऊन" हे वाक्य व्याकरणात तीन ठिकाणी तुटलंय आणि मुलाखतीत पूर्ण गुणांचं आहे.

पण सराव लागतोच. तू प्रश्न सोडवताना तोंड बंद ठेवून सोडवतोस ना? उद्यापासून आधी मराठीत मोठ्यानं बोलून सोडव. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर त्यात. विचार आणि जीभ यांचा सांधा आधी आपल्या भाषेत जुळू दे, मग त्याच प्रश्नावर इंग्रजीत ये. सोलापूरच्या पूर्वभागातली मुलं घरी तेलुगू, रस्त्यावर मराठी, कॉलेजात इंग्रजी अशी दिवसातून दहा वेळा भाषा बदलतात. तिसऱ्या भाषेत विचार मांडणं त्यांना जमतं, फक्त ते कधी करून बघितलेलं नसतं. काही वाक्यं तोंडात बसव: "लेट मी रिपीट द प्रॉब्लेम", "कॅन आय असूम धिस?", "आय सी टू वेज", "आय ॲम स्टक हिअर, लेट मी ट्राय अ स्मॉल एक्झाम्पल". शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. अडल्यावर गप्प बसण्याऐवजी कुठं अडलोय ते सांगणारा उमेदवार टीममध्ये हवाहवासा वाटतो, कारण रोजच्या कामात आम्ही अर्धा वेळ अडलेलेच असतो.

मोबाइलवर स्वतःचं रेकॉर्डिंग कर. पहिल्या वेळी ऐकवणार नाही, मलाही ऐकवलं नव्हतं. तरी ऐक, आणि एकच गोष्ट मोज: सलग किती वेळ शांतता आहे. दीड मिनिटाच्या वर गेली की तिथं खूण कर आणि त्या वेळी डोक्यात काय चाललं होतं ते लिहून काढ. ते लिहिलेलंच तिथं बोलायचं होतं.

चारशे प्रश्नांबद्दल. आकडा वाढवू नकोस. त्यातले दीडशे निवड आणि प्रत्येकासाठी वहीत तीन ओळी लिही: पहिल्यांदा काय सुचलं, ते का चाललं नाही, कोणत्या शब्दावरून खरा मार्ग कळायला हवा होता. आठ-दहा दिवसांनी तोच प्रश्न कोऱ्या कागदावर सोडव. मुलाखतीत बऱ्याचदा साधं एडिटर असतं, शब्द आपोआप पूर्ण होत नाहीत, काही वेळा कोड चालवायचीही सोय नसते. त्यामुळे कोड हातानं चालवून बघायची सवय हवी. ॲरे, स्ट्रिंग, हॅशमॅप, बायनरी सर्च, स्टॅक, ट्री, ग्राफमधले बीएफएस-डीएफएस, हीप आणि सोपं डायनॅमिक प्रोग्रॅमिंग एवढं हाताखालून गेलं असेल तर नवख्या उमेदवाराचा बहुतेक भाग झाला. सेगमेंट ट्रीसारख्या अवघड विषयावर महिना घालवू नकोस. त्यापेक्षा ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस आणि नेटवर्कचं पुस्तक पुन्हा उघड. थ्रेड आणि प्रोसेसमधला फरक, इंडेक्सनं शोध का जलद होतो, हे काही कंपन्या हमखास विचारतात आणि आपल्याकडे मुलं ते सेमिस्टरच्या पेपरासोबत विसरून जातात. डोकं लढवायच्या कोड्यांचा, म्हणजे पझल्सचा, नाद सोड. गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लॅस्लो बॉक यांनी २०१३ मध्येच जाहीर सांगितलं होतं की अशा कोड्यांतून उमेदवाराबद्दल काहीही कळत नाही.

अनुभवाबद्दलच्या फेरीला आपली मुलं ‘एचआर राउंड’ समजून तयारीच करत नाहीत. ॲमेझॉनची १६ ‘लीडरशिप प्रिन्सिपल्स’ आहेत आणि प्रत्येक मुलाखतकाराला त्यातली दोन-तीन वाटून दिलेली असतात. कोडिंगच्या फेरीतही काही वेळ त्यांच्यावरच जातो. गूगल ‘गूगलीनेस’ (कंपनीत मिसळून काम करायची वृत्ती) आणि नेतृत्व असं वेगळं तपासतं. विचारतात काय? "काहीतरी बिघडलं तेव्हा तू काय केलंस?" यावर मला गेल्या वर्षी मिळालेलं सगळ्यात चांगलं उत्तर सोलापूरच्याच एका मुलीचं होतं, आणि ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं आणि वेळ पुढेमागे होते, हे तुला सांगायला नको. तिनं आपल्या नगरासाठी छोटा प्रोग्रॅम केला होता: पाणी सुटलं की एकानं बटण दाबायचं, बाकी सगळ्यांना मेसेज. दीडशेच्या वर घरं त्यात होती. एका पहाटे अनेकांना तोच मेसेज दोनदा-तीनदा गेला. लोक दुसऱ्यांदा उठून नळ बघायला गेले आणि चिडले. तिनं लॉग, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदी, बघितले. मेसेज पाठवणाऱ्या सेवेकडून उत्तर यायला उशीर होत होता, म्हणून तिचा प्रोग्रॅम ‘गेला नाही’ असं समजून पुन्हा पाठवत होता. प्रत्यक्षात पहिलाच गेलेला असायचा, फक्त पोहोच यायची राहिलेली. तिनं प्रत्येक घर आणि प्रत्येक पाळी यांची मिळून एक खूण ठरवली, ती डेटाबेसमध्ये एकदाच लिहिता येईल अशी ठेवली, आणि पाठवण्याआधी ती तपासायला सुरुवात केली.

मी तिला विचारलं, "खूण लिहिली आणि मेसेज जायच्या आत प्रोग्रॅम बंद पडला तर?" तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग त्या घराला मेसेज जाणारच नाही. म्हणजे मला ठरवावं लागेल, दोनदा गेलेला चालेल की अजिबात न गेलेला. पाण्याच्या बाबतीत दोनदा गेलेला परवडला, पाणी चुकलेलं नाही परवडत."

पैशाचे व्यवहार हाताळणाऱ्या मोठ्या सिस्टीम बनवताना अनुभवी इंजिनिअर याच प्रश्नावर तासन्‌तास बोलतात. तिला ‘आयडेम्पोटन्सी’ (तेच काम पुन्हा झालं तरी परिणाम एकदाच होणं) हा शब्दही माहीत नव्हता, आणि माझ्या पानावर त्यानं काही फरक पडला नाही. म्हणून सांगते, रेझ्युमेवरची ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम’ काढून टाक, ती प्रत्येकाच्या रेझ्युमेवर असते. त्याऐवजी खरी दहा माणसं वापरतील असं एक काम कर. चादरीच्या दुकानाचा हिशोब असो, मामांच्या शेंगाचटणीच्या ऑर्डरी असोत. खरी माणसं वापरायला लागली की काहीतरी बिघडतंच, आणि बिघडलेलं दुरुस्त केलं की तुझ्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं. सांगताना क्रम ठेव: परिस्थिती काय होती, माझ्यावर काय होतं, मी काय केलं, काय निघालं. आणि ‘आम्ही’ कमी वापर. ‘मी’ म्हणणं आपल्याला उद्धट वाटतं, मला समजतं, पण ‘आम्ही केलं’ यातून तू नेमकं काय केलंस हे मला लिहिता येत नाही.

बाकीची प्रक्रिया भराभर सांगते. आधी रिक्रूटरचा फोन, मग ऑनलाइन टेस्ट, नवख्यांना बहुधा दोन प्रश्न आणि तास-दीड तास. मग पंचेचाळीस मिनिटांची एक फेरी, ती पार झाली तर तीन ते पाच फेऱ्या, बऱ्याचदा एकाच दिवशी. गूगलमध्ये पूर्वी याहून कितीतरी जास्त मुलाखती व्हायच्या. त्यांनीच आपली माहिती तपासली आणि दिसलं की चार मुलाखतींनंतर अंदाज फारसा सुधारत नाही. मेटामध्ये कोडिंगच्या एका फेरीत साधारण दोन प्रश्न येतात, त्यामुळे तिथं वेग लागतो. फ्लिपकार्टसारख्या आपल्याकडच्या कंपन्या ‘मशीन कोडिंग’ घेतात, दीडएक तासात छोटं पण चालणारं, नीट रचलेलं सॉफ्टवेअर लिहायचं. सिस्टीम डिझाइनची वेगळी फेरी अनुभवी लोकांना असते, तू आत्ता तिच्या मागे लागू नकोस. नकार आला तर सहा महिने ते वर्षभर थांबून पुन्हा अर्ज करता येतो. जुना नकार कायमचा डाग नसतो, माझ्या टीममधले कितीतरी जण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला आलेत.

समोरासमोरच्या फेऱ्या परत येताहेत. घरून मुलाखत देताना एआयकडून उत्तर वाचून दाखवणारे वाढले, म्हणून किमान एक फेरी प्रत्यक्ष घेण्याबद्दल गूगलचे सुंदर पिचाई २०२५ मध्ये बोलले. सोलापूरकराला यात अडचण नाही, हैदराबाद रात्रीच्या गाडीचं अंतर आहे. पण लपवून एआय वापरायच्या फंदात पडू नकोस. आम्हाला ते डोळ्यांच्या हालचालीवरून ओळखावं लागत नाही. मी फक्त अट बदलते: "आता तुकड्यांची संख्या नको, सगळ्यात लांब तुकडा सांग." ज्यानं स्वतः विचार केलाय तो लगेच म्हणतो, मॅपमध्ये मोजणीऐवजी पहिली जागा ठेवू. बाकीचे पुन्हा स्क्रीनच्या कोपऱ्यात बघायला लागतात.

कॉलेजात कंपन्या येत नाहीत, हे खरं दुखणं आहे आणि मी ते कमी लेखत नाही. बाहेरून अर्ज करताना सगळ्यात उपयोगी पडतो तो रेफरल, म्हणजे आतल्या माणसानं केलेली शिफारस. तुझ्या कॉलेजचे सात-आठ वर्षांपूर्वीचे विद्यार्थी शोध, पुणे, हैदराबाद, बंगळुरूत ते आहेतच. "सर, प्लीज रेफर मी" एवढाच मेसेज पाठवू नकोस, असे मला आठवड्याला पंधरा येतात. नोकरीच्या जागेचा क्रमांक, एका पानाचा रेझ्युमे, आणि त्या जागेला तू का चालशील याच्या दोन ओळी पाठव. समोरच्याचं काम दोन मिनिटांत होईल असं दे, मग होकार येतो.

एक गोष्ट कळकळीनं. एखादी ‘कन्सल्टन्सी’ म्हणेल, दोन वर्षांचा अनुभव दाखवतो, सॅलरी स्लिप देतो, इतके हजार द्या. घेऊ नकोस. मोठ्या कंपन्या ऑफरनंतर पार्श्वभूमी तपासतात. भविष्यनिर्वाह निधीच्या यूएएन खात्यात कोणत्या कंपनीनं कधी पैसे भरले ते सगळं दिसतं. खोटा अनुभव सापडला की ऑफर जाते, नोकरी लागली असेल तर तीही जाते. आणि मुलाखतीसाठी किंवा लॅपटॉपच्या डिपॉझिटसाठी पैसे मागणारा माणूस कुठल्याही मोठ्या कंपनीचा नसतो. आपल्याकडे आईबापांनी सोनं गहाण ठेवून असे पैसे भरलेले मी बघितलेत. ते परत येत नाहीत.

वर्तमानपत्रात येणारे पॅकेजचे आकडे वडिलांना दाखवताना फोड करून दाखव. त्यात मूळ पगार, पहिल्या वर्षीचा बोनस आणि चार वर्षांत मिळून मिळणारे शेअर असं सगळं एकत्र असतं. ॲमेझॉनची नेहमीची पद्धत बघ: पहिल्या वर्षी शेअरचे ५ टक्के, दुसऱ्या वर्षी १५, मग ४० आणि ४०.

आता वडिलांचा प्रश्न. ते बरोबर सांगतायत. सर्व्हिस कंपनीचं लेटर घे आणि रुजू हो. घरी बसून ‘तयारी’ करणाऱ्या मुलाच्या रेझ्युमेवर एक रिकामं वर्ष दिसतं, आणि खोलीत एकटा बसून गप्प राहायची सवय आणखी पक्की होते. नोकरीत रोज सकाळच्या मीटिंगला दोन मिनिटं आपलं काम बोलून सांगावं लागतं. तुला नेमक्या त्याच सरावाची गरज आहे. मीही अशाच कंपनीतून सुरुवात केली आणि अडीच वर्षांनी बाहेर पडले. सकाळी कामावर जायच्या आधी एक तास वहीला दे, शनिवारी एका मित्राला समोर बसवून पंचेचाळीस मिनिटं घड्याळ लावून मॉक (सरावाची मुलाखत) दे, मग जागा बदलून त्याची घे. दुसऱ्याची घेताना जास्त शिकायला मिळतं, कारण समोरचा गप्प बसला की आपल्याला लिहायला काही नसतं हे तेव्हाच पहिल्यांदा जाणवतं.

जिथं उत्तर बरोबर येऊनही नकार आला, तो प्रश्न आज संध्याकाळी पुन्हा सोडव, मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेवून, आधी मराठीत आणि मग इंग्रजीत. दोन्ही फाइल मला पाठव. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला मी सोलापुरात असते. तेव्हा वही घेऊन घरी ये, एक पूर्ण फेरी समोरासमोर घेऊ. मी नेहमीसारखं दीड पान लिहीन आणि ते तुलाच वाचायला देईन.